'सोशल क्रेडिट' पक्षाला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न: कॅनडाच्या अल्बर्टा प्रांताच्या राजकारणावर मराठीत एक लेख लिहितोय आणि पक्षांच्या नावांपाशीच गाडी अडलीय. १९३५ ते १९७१ अशी सलग ३६ वर्षं तिथं सोशल क्रेडिट पार्टीचं राज्य होतं. याचं 'सामाजिक श्रेय पक्ष' असं केलेलं वाचलं, काहीच बोध होत नाही. 'सामाजिक कर्ज' म्हणू का? आणि 'प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्वेटिव्ह'ला 'पुरोगामी परंपरावादी' म्हटलं तर वाचणारा गोंधळेल ना?

प्रतिसाद: श्रेय तर नाहीच, आणि कर्ज म्हणालात तर अर्थ थेट उलटा होईल. इथे क्रेडिट म्हणजे पत, आपल्या पतपेढीतली पत. मेजर डग्लस नावाच्या ब्रिटिश इंजिनियरचं म्हणणं असं होतं की मालाच्या एकूण किमती आणि लोकांच्या हातात पडणारा पैसा यात कायम तफावत राहते, म्हणून एकीकडे माल पडून राहतो आणि दुसरीकडे लोकांना तो घेणं परवडत नाही, तर ही तफावत सरकारने लोकांना थेट पैसे देऊन भरून काढावी, कारण माल तयार करायची ताकद हीच अख्ख्या समाजाची पत आहे आणि ती एकट्या बँकांच्या ताब्यात असायचं कारण नाही. म्हणून 'सामाजिक पत' हेच बरोबर.

हा विचार अल्बर्टात घरोघरी नेला विल्यम एबरहार्ट यांनी. कॅल्गरीतल्या हायस्कूलचे हेडमास्तर, रविवारी रेडिओवर बायबल सांगायचे. मंदीचे दिवस, गव्हाला भाव नाही, त्यात दुष्काळ, आणि हा माणूस रेडिओवरून सांगतोय की प्रत्येक प्रौढ माणसाला महिन्याला २५ डॉलर मिळतील. त्याला ते 'डिव्हिडंड' म्हणायचे, तोही शब्द नीट बघा, मदत किंवा अनुदान नाही तर भागधारकाला मिळतो तसा हक्काचा लाभांश, समाजाची जी पत, तिच्यातला आपला वाटा. १९३५ च्या प्रांतिक निवडणुकीत सोशल क्रेडिटच्या ६३ पैकी ५६ जागा आल्या. ते २५ डॉलर मात्र कधीच मिळाले नाहीत.

१९३६ मध्ये सरकारने 'प्रॉस्पेरिटी सर्टिफिकेट' काढली, समृद्धीपत्रं म्हणूया. एका डॉलरचा कागद, मागच्या बाजूला १०४ चौकोन, आणि दर आठवड्याला एक सेंटचं तिकीट विकत घेऊन एकेका चौकोनात चिकटवायचं तरच तो कागद चालणार. आठवडा संपताना ज्याच्या हातात असेल त्याला भुर्दंड, त्यामुळे कोणी साठवून ठेवणार नाही, पैसा फिरता राहील असा हिशोब. दुकानदार घ्यायला नाखूष, प्रयोग लवकरच गुंडाळला. 'फनी मनी', म्हणजे बनावट वाटणारा पैसा, हा शब्द सोशल क्रेडिटला चिकटला तो चिकटलाच.

पुढे बँकांवर अंकुश आणणारे कायदे केले तेही टिकले नाहीत कारण बँका हा कॅनडात केंद्राचा विषय आहे. म्हणून १९३८ ला प्रांताने स्वतःच्या तिजोरीच्या शाखा उघडल्या, अल्बर्टा ट्रेझरी ब्रँचेस, त्यांना बँक म्हणता येत नव्हतं म्हणून हे नाव. आजही एटीबी या नावाने जोरात चालू आहेत. तेव्हा तिथे 'ट्रेझरी'चं भाषांतर 'कोषागार' करू नका, आपल्याकडे कोषागार म्हटलं की पगारबिलं आणि पेन्शन डोळ्यासमोर येतं.

दुसरा प्रतिसाद: वरच्यात भर. याच लेखात तुम्हाला सीसीएफ भेटेल, को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन, १९३२ ला कॅल्गरीतच स्थापन झालेला पक्ष, १९६१ मध्ये त्यातूनच एनडीपी (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी) झाला. इथे कॉमनवेल्थला कृपा करून 'राष्ट्रकुल' लिहू नका! ब्रिटनच्या जुन्या वसाहतींशी याचा काही संबंध नाही, सहकारावर उभा असलेला, सगळ्यांच्या हिताचा समाज असा अर्थ आहे, 'सहकारी समाज' म्हटलं तरी चालेल.

आणि युनायटेड फार्मर्स ऑफ अल्बर्टा विसरू नका, १९२१ ते १९३५ सत्तेत होते. १९०९ ला दोन शेतकरी संघटना एकत्र येऊन ती झाली, म्हणून युनायटेड. १९३५ च्या लाटेत विधानसभेत एकही जागा उरली नाही, पण संघटना सहकारी संस्था म्हणून टिकली, हायवेवर यूएफए पाटीचे पेट्रोलपंप दिसतात ते तिचेच.

प्रश्नकर्ता: पत, लाभांश दोन्ही घेतो, खूप आभार. प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्वेटिव्हचं काय करू?

पहिलाच प्रतिसादक परत: ते नाव तसंच ठेवा. तिथला 'प्रोग्रेसिव्ह' हा आपला पुरोगामी नव्हेच. प्रोग्रेसिव्ह नावाचा पक्ष होता, शेतकऱ्यांचा, मॅनिटोबा प्रांताचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, जॉन ब्रॅकन त्यातलेच. १९४२ मध्ये कॉन्झर्वेटिव्हांनी त्यांना राष्ट्रीय नेते केलं तेव्हा त्यांनी अट घातली की पक्षाच्या नावात प्रोग्रेसिव्ह आलं पाहिजे. म्हणजे दोन विचारांची मोट नाही, एका नेत्याशी केलेला करार आहे, आणि 'पुरोगामी परंपरावादी' लिहिलं की हा सगळा इतिहास पुसला जातो. अल्बर्टात या पक्षाने १९७१ ला पीटर लॉहीड यांच्या नेतृत्वाखाली सोशल क्रेडिटला घरी बसवलं आणि २०१५ पर्यंत राज्य केलं, मग रेचल नॉटली यांचा एनडीपी आला.

सध्याच्या यूसीपीतला (युनायटेड कॉन्झर्वेटिव्ह पार्टी) युनायटेडसुद्धा विलीनीकरणाचाच, २०१७ ला पीसी (प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्वेटिव्ह) आणि वाइल्डरोज हे पक्ष एक झाले. वाइल्डरोज म्हणजे रानगुलाब, अल्बर्टाचं राज्यफूल, याला मात्र मराठी शब्द बिनधास्त द्या, छान वाटतं. २०१९ पासून यूसीपी सत्तेत आहे, २०२३ ला ८७ पैकी ४९ जागा त्यांच्या आणि ३८ एनडीपीच्या आल्या, तिसरा कुणीच नाही.

आणि लेखात 'सामाजिक पत' पहिल्यांदा येईल तिथे कंसात 'सोशल क्रेडिट' द्या, पुढे 'सोक्रेड' वापरलं तरी चालेल, तिथले लोक तेच म्हणायचे. चीनच्या सोशल क्रेडिटशी (लोकांची विश्वासार्हता जोखणारी तिथली व्यवस्था) याचा संबंध नाही हेही एका ओळीत टाका, नाहीतर हल्लीचा वाचक तिकडेच जाणार.