अपील फक्त डॉक्टरला? तक्रारदाराने काय करायचं?

टेंभुर्णीकर

डॉक्टरच्या चुकीबद्दल राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे, म्हणजे डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेकडे, तक्रार करता येते हे आता बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पुढचं मात्र तक्रार फेटाळली गेल्यावरच कळतं.

राज्य परिषदेने डॉक्टरची नोंदणी निलंबित केली, तर तो दिल्लीला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता व नोंदणी मंडळाकडे अपील करू शकतो. तिथे हरला तर 60 दिवसांत खुद्द आयोगाकडे. आणि परिषदेने डॉक्टरला निर्दोष सोडलं तर? आयोगाच्या 2019 च्या कायद्याचं कलम 30 काढून वाचा. अपिलाचा हक्क डॉक्टरला. रुग्णाचं नावही नाही.

पूर्वी असं नव्हतं. जुन्या मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांप्रमाणे तक्रार 6 महिन्यांत निकाली काढायची, नाही निघाली तर तक्रारदाराच्या विनंतीवरून दिल्लीला वर्ग करता यायची, आणि निकालाने नाराज असलेल्या कोणालाही 60 दिवसांत अपील करता यायचं. कायदा नवा आला आणि हे दार बंद झालं. 2023 मध्ये नवे आचारनियम आले, तेही महिन्याच्या आत स्थगित झाले.

वकिलांचा 1961 चा कायदा याच्या शेजारी ठेवा. तक्रार वर्षभरात निकाली निघाली नाही तर ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते, आणि अशिलालाही सुप्रीम कोर्टापर्यंत अपील करता येतं. वकील मंडळी काही संत नव्हेत, पण कायद्यात हे आहे.

परिषदेत डॉक्टरच डॉक्टरचं ऐकतात, याला माझा आक्षेप नाही. विषय कळणारे तेच. पण चूक सगळ्यांची होते. परिषदेने जास्त शिक्षा दिली तर ती वर दुरुस्त होते. कमी दिली किंवा दिलीच नाही, तर ती चूक कायमची. कोलकात्यात उपचार घेतलेल्या अनुराधा साहा 1998 मध्ये गेल्या. राज्य परिषदेने डॉक्टरांना निर्दोष ठरवलं. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याच उपचारांसाठी सुमारे 5 कोटी 96 लाखांची भरपाई द्यायला लावली. नवरा स्वतः डॉक्टर होता, म्हणून इतकी वर्षं लढू शकला.

डॉ. ओपीडी

सहमत नाही. मुळात परिषद हे रुग्णाला न्याय मिळवून देणारं कोर्ट नाही. नोंदवही स्वच्छ ठेवणं हे तिचं काम. तिथे तक्रारदार वादी नसतो, खबर देणारा असतो. शिक्षा झाली काय, नाही झाली काय, त्याचं काही जात नाही. डॉक्टरचं मात्र पोटपाणी जातं. म्हणून अपील त्याला.

आणि रुग्णाच्या हातात काहीच नाही, असं चित्र रंगवू नका. 1995 च्या शांता निकालापासून आम्ही ग्राहक कायद्यात आहोत. गुन्हा दाखल होऊ शकतो; न्याय संहितेच्या कलम 106 खाली 2 वर्षांपर्यंत कैद आहे. एकच केसपेपर तीन टेबलांवर घेऊन पळणारे तालुक्याच्या गावातले डॉक्टर मी पाहिलेत. त्यात आता दिल्लीची फेरी.

सोनोग्राफीवाल्यांचं तर विचारूच नका. गर्भलिंगनिदान कायद्याच्या खटल्यात आरोप निश्चित झाले की नोंदणी निलंबित, तीही खटला संपेपर्यंत. गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी भरायचा फॉर्म एफ अर्धवट भरलात तरी तोच कायदा. सवलतीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना सुप्रीम कोर्टात गेली, 2019 मध्ये रिकाम्या हाताने परत आली. तेव्हा 'डॉक्टर सुटतात' हे ऐकलं की हसू येतं.

चष्मा पुसून

परिषद म्हटलं की मला डॉक्टरांनी प्रशिक्षणातून मिळवायचे 5 वर्षांतले 30 क्रेडिट पॉइंटच आठवतात. ते कमी पडले की लगेच पत्र येतं म्हणे. तक्रारीचं पत्र इतक्या तातडीने निघालं तर धागाच लागला नसता.

काळा कोट

डॉक्टरसाहेब, फॉर्म एफचा मुद्दा खरा, पण तो संसदेच्या कायद्याचा जाच आहे. तिथे निलंबन आपोआप होतं, परिषदेला विचार करायला जागाच नाही. इथे प्रश्न परिषद विचार करून निकाल देते त्याचा आहे.

तीन टेबलांचं म्हणाल, तर तिन्हींवर वेगळी गोष्ट मिळते. ग्राहक आयोग पैसे देतो, ते बहुतेकदा विमा कंपनी भरते. पोलिसांची वाट 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालाने अरुंद केली: आधी तटस्थ डॉक्टरचं मत, तेही निष्काळजीपणा ढळढळीत असेल तरच. योग्यच आहे ते. पण हा माणूस उद्या पुन्हा ऑपरेशन टेबलापाशी उभा राहावा का, हे फक्त परिषद ठरवू शकते. म्हणून तिची चूक महाग.

व्यवहारातली एक गोष्ट सांगतो. ग्राहक तक्रारीला मुदत 2 वर्षांची. लोक 'आधी परिषदेचं मत येऊ दे' म्हणून थांबतात आणि मुदत उलटून गेल्यावर आमच्याकडे येतात. थांबू नका. केसपेपर लेखी मागा, 72 तासांत द्यायचा नियम आहे. राहिली हायकोर्टातली रिट. ती करता येते, पण हायकोर्ट पुरावा नव्याने तपासत बसत नाही. प्रक्रिया नीट झाली का, एवढंच मुख्यतः पाहतं.

लेस्टरवासी

इथे इंग्लंडमध्येही तक्रारदाराला अपील नाही, हे टेंभुर्णीकरांना आवडणार नाही. तो साक्षीदारच. पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. चौकशी जनरल मेडिकल कौन्सिल, म्हणजे इथली वैद्यकीय परिषद, करते आणि निवाडा 2012 पासून वेगळं न्यायाधिकरण देतं. सुनावणी बहुधा उघड होते, निकाल कारणांसकट संकेतस्थळावर. दुसरं, निकाल फारच मवाळ वाटला तर प्रोफेशनल स्टँडर्ड्स ऑथॉरिटी ही तिसरीच संस्था तो कोर्टात नेऊ शकते. रुग्णाचा राग आणि डॉक्टरची भावकी, दोन्हींपासून लांब.

डॉ. ओपीडी

लेस्टरचं नाव काढलंत तर डॉ. बावा-गार्बाही सांगा की. 2011 मध्ये तुमच्याच गावात त्यांच्या उपचारांखाली सहा वर्षांचा मुलगा दगावला. वॉर्डात माणसं अपुरी, संगणक बंद, वरिष्ठ बाहेरगावी. न्यायाधिकरणाने 12 महिन्यांचं निलंबन दिलं, तर कौन्सिलला ते कमी वाटलं. 2018 च्या जानेवारीत हायकोर्टातून नाव खोडून आणलं, ऑगस्टमध्ये अपील कोर्टाने ते परत लावलं. वर्तमानपत्रं तापली की 'मवाळ' निकालावरचं अपील असं वापरलं जातं.

लेस्टरवासी

अपील करणारी कौन्सिल म्हणजे तिथे फिर्यादीच होती. मी म्हणतोय ती संस्था वेगळी. शिवाय ती चूक वरच्या कोर्टात सुधारली गेलीच ना?

टेंभुर्णीकर

तिसरी संस्था मला चालेल. पण आपल्याकडे ती नेमणार सरकारच, आणि परिषदेवरच प्रशासक बसवून कारभार चालल्याची वर्षं आपण पाहिली आहेत. ती उभी राहीपर्यंत कलम 30 मध्ये 'किंवा तक्रारदार' एवढे दोन शब्द घाला. फालतू अपिलं येतील ही भीती असेल, तर पहिल्याच तारखेला फेटाळायचा अधिकार द्या, हवं तर खर्चही लावा.

डॉ. ओपीडी

खर्च लावायचं लिहून देत असाल तर बोलू. आणि परिषदेपुढे तक्रार चालू असताना डॉक्टरचं नाव व्हॉट्सॲपवर फिरवणाऱ्यालाही तोच खर्च लावा.

काळा कोट

त्याला अब्रुनुकसानीचा दावा आहे. फी माफक आहे.