पहिल्या पुस्तकातून लेखकाच्या हाती नेमके काय पडते?

प्रश्न (मालवण)
नमस्कार. आमच्या किनाऱ्यावरच्या रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मासेमारीच्या मोठ्या जाळ्यावर, आणि ती ओढणाऱ्या माणसांवर मी लिहिलेले पुस्तक एका प्रकाशकाने स्वीकारले आहे. ५०० प्रतींची आवृत्ती, किंमत २५० रुपये आणि मानधन दहा टक्के असे त्यांनी कळवले असून, त्यांतील २०० प्रती मी चाळीस टक्के सवलतीने विकत घ्याव्यात, अशी अट घातली आहे. लेखकाला अशा पुस्तकातून साधारण किती पैसे मिळतात आणि ही अट मान्य करावी का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (रत्नागिरी)
दहा टक्के हा मराठीत रूढ दर आहे. मात्र ते दहा टक्के कशावर, हे आधी विचारून घ्या. छापील किमतीवर असतील तर प्रतीमागे २५ रुपये मिळतील आणि चाळीस टक्के सवलत वजा जाता उरणाऱ्या रकमेवर असतील तर १५ रुपयेच. शिवाय मानधन छापलेल्या नव्हे, तर विकल्या गेलेल्या प्रतींवर देतात आणि लेखकाने स्वतः घेतलेल्या प्रती सहसा त्यात धरत नाहीत. म्हणजे उरलेल्या ३०० प्रती संपल्या, तरी तुम्हाला फार तर ७,५०० रुपये मिळतील आणि त्याआधी ३०,००० रुपये तुमच्या खिशातून गेलेले असतील. एवढी जोखीम लेखकाने उचलावी आणि हक्क मात्र प्रकाशकाकडे राहावेत, हे मला न्याय्य वाटत नाही.

उत्तर (कणकवली)
मी पुस्तकविक्रीच्या व्यवसायात आहे, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. २५० रुपयांतील मोठा वाटा वितरक आणि विक्रेत्यांच्या सवलतीत जातो, उरलेल्यात कागद, छपाई, बांधणी आणि मुद्रितशोधन भागवावे लागते, आणि ग्रंथालयांकडील पैसे अनुदान जमा होईपर्यंत अडकून पडतात. तुमचा विषय इथला असल्यामुळे गणपतीला चाकरमानी गावी येतात तेव्हा काही प्रती नक्की जातील. प्रत्येकी २०० रुपयांना दिल्या आणि सगळ्या २०० संपल्या, तर खर्च वजा जाता १०,००० रुपये उरतील. पण न खपलेले गठ्ठे आपल्याकडच्या पावसाळ्यात टिकत नाहीत. मुखपृष्ठे दमटपणाने वाकतात, कडांना बुरशी धरते आणि मग ती पुस्तके फुकटही कोणी घेत नाही. ५० प्रतींवर तडजोड होते का, ते पाहा.

उत्तर (चिपळूण)
पैशांइतकेच महत्त्व लेखी कराराला द्या. प्रतिलिप्यधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ मधील कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसह व्हावे लागते, आणि त्यात कालावधी लिहिला नसेल तर तो पाच वर्षांचा मानला जातो. हे हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतात. म्हणून ‘सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे’ असे वाक्य मसुद्यात दिसल्यास ते खोडायला सांगा. ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक आणि अनुवाद यांचे हक्क स्वतःकडे ठेवा किंवा त्यांचा दर वेगळा ठरवा. दरवर्षी ३१ मार्चअखेर किती प्रती छापल्या, किती विकल्या आणि किती शिल्लक आहेत, याचा लेखी हिशेब मिळेल, हे कलम आवर्जून घाला. मानधनावरून होणारे बहुतेक वाद हा हिशेब नसल्यामुळेच होतात. तुमचे हे पहिलेच पुस्तक असेल, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेच्या अटीही सही करण्यापूर्वी वाचून घ्या.