सास्सिकायाच्या बाटलीवर ‘डीओसीजी’ का नाही?

द्राक्षवेल: नमस्कार. टस्कनीतील बोल्गेरी गावाजवळच्या तेनुता सान ग्विदो या इस्टेटीची सास्सिकाया ही इटलीतल्या सर्वांत नावाजलेल्या रेड वाइन्सपैकी एक आहे. तिच्यापेक्षा कितीतरी स्वस्त असलेल्या क्यांती या टस्कनीच्याच रेड वाइनच्या बाटलीवर ‘डीओसीजी’ हा सर्वोच्च दर्जा छापलेला असतो. सास्सिकायावर मात्र त्याच्या एक पायरी खालचा ‘डीओसी’ दिसतो आणि जुन्या बाटल्यांवर तर ‘विनो दा ताव्होला’, म्हणजे साधी जेवणातली वाइन, एवढाच उल्लेख आढळतो. असे का, हे कुणी समजावून सांगेल का?

ओकपिंप: क्यांतीसाठी सांजोवेझे हे द्राक्ष अनिवार्य आहे. सास्सिकाया मुख्यतः कॅबर्ने सॉव्हिन्यों आणि थोड्या कॅबर्ने फ्रांपासून बनते, त्यामुळे ती नियमांत बसली नाही.

सायप्रस: द्राक्षांच्या नियमांचे कारण तिन्यानेल्लो या टस्कनीतल्याच दुसऱ्या नावाजलेल्या रेड वाइनला लागू पडते, कारण तिचा मळा क्यांती क्लासिको या क्यांतीच्या मूळ प्रदेशाच्या हद्दीत आहे. बोल्गेरी त्या हद्दीच्या बाहेर, समुद्राच्या जवळ आहे, आणि इस्टेटीचे मालक मार्किस मारिओ इन्चिझा देल्ला रोक्केत्ता यांनी 1944 मध्ये तेथे कॅबर्नेची लागवड केली, तेव्हा या भागाला उत्तम रेड वाइनचा प्रदेश म्हणून कुणी ओळखतही नव्हते. फ्रान्समधील बोर्दोच्या वाइनची आवड असलेल्या या गृहस्थांनी ही वाइन अनेक वर्षे केवळ घरच्यांसाठी बनवली. वाइन ताजी असताना ती चाखणाऱ्यांना फारशी रुचली नाही; तळघरात राहिलेल्या बाटल्या वर्षागणिक सुधारत गेल्या, तेव्हा तिचे खरे मोल लक्षात आले. पुढे भाचे पिएरो अंतिनोरी आणि वाइनतज्ज्ञ जाकोमो ताकिस यांच्या साहाय्याने 1968 च्या हंगामाची वाइन प्रथमच बाजारात आली. त्यानंतर 1978 मध्ये लंडनमधील एका चाचणीत 1972 ची सास्सिकाया जगभरच्या कॅबर्ने वाइन्समध्ये अव्वल ठरली. तरीही बोल्गेरीला 1983 मध्ये डीओसी मिळाली ती फक्त पांढऱ्या आणि रोझे (गुलाबी) वाइनसाठी. रेड वाइनचा त्यात समावेश व्हायला 1994 उजाडले, आणि बोल्गेरी सास्सिकाया ही स्वतंत्र डीओसी तर 2013 मध्ये झाली. माझ्या मते येथे नियमांना वाइनच्या मागून यावे लागले, आणि याचे संपूर्ण श्रेय त्या कुटुंबाच्या चिकाटीला आहे.

द्राक्षवेल: मनःपूर्वक आभार. म्हणजे डीओसीजी नसणे हे गुणवत्ता कमी असल्याचे लक्षण नव्हे?

सायप्रस: मुळीच नव्हे. हे दर्जे प्रदेश, द्राक्षाचे वाण, उत्पादनाची मर्यादा आणि मुरवण्याचा काळ यांची हमी देतात. डीओसीजीची तपासणी अधिक कडक असते, इतकेच. सास्सिकायाची खरी ताकद मळ्यातल्या दगडगोट्यांच्या जमिनीत आहे. अशा जमिनीत पाणी साचत नाही, वेलीची वाढ आटोक्यात राहते आणि समुद्राकडून येणारा वारा उन्हाळ्याची धग कमी करतो. पुढे ही वाइन सुमारे 24 महिने 225 लिटरच्या फ्रेंच ओक पिंपांत मुरते. तेव्हा बाटली घेताना दर्जाच्या अक्षरांपेक्षा हंगामाचे वर्ष पाहावे, आणि ती आजवर कुठे व कशी साठवली होती, याची विक्रेत्याकडे आवर्जून चौकशी करावी.