आधी घरी सांगा

पर्सनल लोनचे पैसे शेअर बाजारातल्या ऑप्शन्समध्ये बुडाले, आता दुसरं लोन काढून भरून काढू का, असं विचारलंय तुम्ही. हात जोडून सांगतो, नका काढू. माझ्या धाकट्या भावाने हेच केलं. ऐरोलीत राहतो, नोकरी ठाण्यात. बँकेचं कर्ज, मग ॲपवरचं, मग बायकोच्या पाटल्या गहाण. घरात कुणाला पत्ता नव्हता. आईने एकदा धुवायला डबा उघडला तर पोळी-भाजी तशीच. एक्स्पायरीच्या, म्हणजे ऑप्शनची मुदत संपायच्या दिवशी तो जेवतच नसे. तिथून सगळं बाहेर आलं.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०२४च्या अहवालानुसार ३ वर्षांत एफ अँड ओमधले (फ्युचर्स आणि ऑप्शन्समधले) ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते. त्यामुळे स्वतःला एकट्यालाच दोष देत बसू नका. ब्रोकरकडे एफ अँड ओ सेगमेंट बंद करून घ्या. बँकेत स्वतः जाऊन मुदत वाढवून मागा, भावाचा हप्ता तसाच कमी झाला. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. इन्कम टॅक्स रिटर्न मुदतीत भरा, हा तोटा पुढे ८ वर्षं ओढता येतो, म्हणजे व्यवसायाच्या पुढच्या नफ्यातून वजा करता येतो.

पण आज रात्री आधी बायकोशी बोला. भावाच्या पाटल्या अजून सुटल्या नाहीत, पण तो डबा संपवून घरी येतो.