मदत हवी आहे: 'स्वयम'वरील अभ्यासक्रम विद्यार्थी अर्ध्यावर सोडतात, काय करावे?

नमस्कार मंडळी,

मी तालुक्याच्या ठिकाणी एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणमंचावरून घेता येतात, त्यामुळे आमच्याकडेही त्यावरील 'एनपीटीईएल' या आयआयटींच्या उपक्रमातील अभ्यासक्रमांना भरपूर नावनोंदणी होते. आयआयटीतील प्राध्यापकांची व्याख्याने आमच्या मुलांना घरबसल्या आणि विनामूल्य मिळतात, याचे मोल मी जाणते; तेव्हा हा धागा कृपया तक्रारीचा समजू नये.

अडचण गळतीची आहे. पहिल्या काही असाइनमेंट उत्साहाने भरल्या जातात, आणि परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत येईपर्यंत मोजकीच मुले उरतात. गळती जगभर होते, हे मला ठाऊक आहे. अमेरिकेतील एमआयटीने २०१२ साली 'एमआयटीएक्स' या आपल्या ऑनलाइन उपक्रमातला सर्किट्स विषयावरचा पहिला अभ्यासक्रम खुला केला, तेव्हा सुमारे १ लाख ५५ हजार जणांनी नाव नोंदवले आणि ७ हजारांच्या आसपास उत्तीर्ण झाले. परंतु तेथे निव्वळ कुतूहलापोटी डोकावणारेही पुष्कळ असणार. आमच्या मुलांना पदवीसाठी श्रेयांक (क्रेडिट) हवे असतात, तरीही ती सोडून देतात.

मला दिसणारे मोठे कारण म्हणजे शंका वेळेवर न फिटणे. रिकर्शनवरचे (प्रोग्रॅममधील फंक्शनने स्वतःलाच पुन्हा वापरण्यावरचे) व्याख्यान मध्येच थांबवून एका विद्यार्थिनीने वहीत लिहिले होते, "फंक्शन स्वतःलाच बोलावते, मग थांबते कुठे?" प्रश्न अगदी नेमका होता, पण तो इंग्रजीतून चर्चामंचावर मांडण्याचा तिला संकोच वाटला आणि माझ्यापर्यंत येईस्तोवर त्या आठवड्याच्या असाइनमेंटची मुदत उलटून गेली होती. अशी एकदा मागे पडलेली मुले टेलिग्रामवर फिरणारी उत्तरे उतरवू लागतात. त्याने असाइनमेंटचे २५ पैकी १० गुण सहज मिळतात, मात्र प्रमाणपत्रासाठी केंद्रावरील परीक्षेतही ७५ पैकी ३० गुण लागतात, आणि तेथे पितळ उघडे पडते. परीक्षेचे शुल्क आणि जिल्ह्याच्या गावी जाण्याचा खर्च पाहून काही पालकही मागे सरतात, तो भाग वेगळा.

आठवड्यातून एक तास वेळापत्रकातच राखून, त्यात मराठीतून शंका सोडवाव्यात, असा माझा विचार आहे. सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, तेच व्याख्यान वर्गात पुन्हा शिकवावे. मला ते पटत नाही, कारण मग मुले मूळ व्हिडिओ पाहणारच नाहीत.

ज्यांनी आपल्या महाविद्यालयात मेंटॉर (मार्गदर्शक) किंवा लोकल चॅप्टरचे, म्हणजे महाविद्यालयातील 'एनपीटीईएल' शाखेचे, समन्वयक म्हणून काम केले आहे, त्यांनी कृपया सांगावे: असा तास असाइनमेंटच्या मुदतीच्या किती आधी ठेवावा, त्यात उत्तरे न फोडता कितपत मदत करावी, आणि मागील वर्षी उत्तीर्ण झालेल्या मुलांना मदतीला घेतल्यास त्यांना मोबदला कशातून द्यावा? बारा आठवड्यांऐवजी आधी चार आठवड्यांचा अभ्यासक्रम देऊन कोणी सवय लावली असल्यास तोही अनुभव अवश्य लिहावा. पुढील सत्राची नोंदणी सुरू होण्यापूर्वी मला प्राचार्यांकडे प्रस्ताव द्यायचा आहे.