कन्व्हेयन्ससाठी वकील लावायचा का? सोसायटी ग्रुपवर गुरुवारी रात्री झालेली चर्चा

नितीन, सचिव (ए-302), 8.40
नमस्कार मंडळी. रविवारी साडेदहाला विशेष सर्वसाधारण सभा आहे. विषय एकच, डीम्ड कन्व्हेयन्ससाठी, म्हणजे बिल्डरच्या सहीविना सरकारी आदेशाने जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्यासाठी, वकील नेमणे. सोसायटी 1996 ला रजिस्टर झाली. त्यानंतर चार महिन्यांत बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर करून द्यायला हवी होती. आजही सातबाऱ्यावर मूळ मालकाच्या वारसांची नावं आहेत. वकिलांनी फ्लॅटमागे साडेचार हजार सांगितलेत. 32 फ्लॅट आहेत, म्हणजे 1 लाख 44 हजार. मतं इथेच मांडा, सभेत वेळ वाचेल.

देसाईकाका (बी-101), 8.52
माझा विरोध लिहून ठेवा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, ते मी भोगलेलं आहे. आमचा गावचा वाटपाचा दावा 1998 साली लागला. अकरा गुंठे आणि एक कौलारू घर, एवढाच ऐवज. वडील डोंबिवलीहून रात्रीची गाडी पकडून चिपळूणला जायचे. अकराला पुकारा व्हायचा आणि आमचेच वकील मुदतीचा अर्ज द्यायचे. पैसे मात्र दर तारखेला. 2009 ला वडील गेले. मग वारस लावण्यात दीड वर्ष. वडील आणि काका एका ताटात जेवलेले भाऊ, शेवटची अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. आणि दोन्हीकडचे वकील मी कोर्टाबाहेरच्या टपरीवर एकत्र चहा पिताना पाहिलेत.

शीतल (सी-203), 8.55
काका, हे आम्हाला माहीतच नव्हतं. फार वाईट वाटलं.

महाजन (ए-104), 9.01
देसाईंशी शंभर टक्के सहमत. गांधीजी स्वतः बॅरिस्टर, तरी वकील भांडणं वाढवतात असं 1909 मध्ये ‘हिंद स्वराज’मध्ये लिहून गेले. आणि कसाबलासुद्धा आपण सरकारी खर्चाने वकील दिला. चार वर्षं खटला, अपील. समाजाचं काय भलं झालं त्यात?

ऋतुजा (सी-401), 9.09
महाजनकाका, मी लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे म्हणून बाजू घेतेय असं समजू नका. त्याच खटल्यात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हे दोन भारतीयही आरोपी होते. हल्ल्याच्या जागांचे नकाशे पुरवले असा आरोप होता. मारल्या गेलेल्या अतिरेक्याच्या खिशात असा एक नकाशा मिळाला हा पुरावा. पण त्याची पँट रक्ताने भिजलेली आणि नकाशावर रक्ताचा डाग नाही, साधी चुरगळही नाही! 3 मे 2010 ला विशेष न्यायालयाने कसाबला दोषी धरलं आणि या दोघांना सोडलं. पुढे 29 ऑगस्ट 2012 ला सर्वोच्च न्यायालयाने फाशीही कायम केली आणि सुटकाही. फहीमचे वकील शाहिद आझमी तो निकाल बघायला नव्हते. 2010 च्याच फेब्रुवारीत कुर्ल्याला त्यांच्याच ऑफिसात त्यांना गोळ्या घातल्या. आरोपींना वकीलच नको म्हटलं असतं, तर त्या नकाशाकडे निरखून बघितलं कुणी असतं?

महाजन (ए-104), 9.13
नकाशाचं माहीत नव्हतं. वाचतो.

गायकवाड सर (बी-303), 9.20
मी एक जुनी गोष्ट सांगतो, आपल्या कोकणातलीच. महाडला 20 मार्च 1927 ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले हे सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं कुणी सांगत नाही. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, तर गावातल्या सवर्ण मंडळींनी 12 तारखेला महाडच्या कोर्टात दावा टाकला की तळं खाजगी आहे. दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. म्हणजे पाण्यावरची बंदी आता कोर्टाच्या शिक्क्याने आली, आणि ती आणायलाही वकीलच होते. हजारो माणसं जमलेली असताना बाबासाहेबांनी हुकूम मानला, सत्याग्रह पुढे ढकलला आणि दावा लढवला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला 17 मार्च 1937 ला. दहा वर्षं! एका ओंजळभर पाण्यासाठी. पण निकाल आपल्या बाजूने लागला, आणि अस्पृश्यांना मज्जाव करणारी अनादी काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही हे कागदावर आलं. वकील भले की बुरे असं कुणी विचारलं की मला हाच दावा आठवतो. दोन्ही बाजूंना वकील होते. आपल्या बाजूला कुणी नसतं तर डिसेंबर 1927 चा हुकूमच शेवटचा ठरला असता.

देसाईकाका (बी-101), 9.26
सर, बाबासाहेबांसारखा वकील मिळाला तर मीही दहा वर्षं थांबेन. आम्हाला मिळाला तो तारखेला फोनसुद्धा उचलायचा नाही.

शीतल (सी-203), 9.31
आपल्या सी विंगमध्ये कामाला येतात त्या मावशींचं सांगते, त्यांना विचारून लिहितेय. नवऱ्याने दोन मुलांसकट घराबाहेर काढलं. वकिलाला द्यायला पैसे नव्हते. कल्याण कोर्टात विधी सेवा समितीचं ऑफिस आहे, तिथे गेलो. बाईला उत्पन्नाची अट नाही, कमाई कितीही असो, वकील फुकट मिळतो. 1987 चा कायदा आहे तो. तरुण वकील मुलगी मिळाली. प्रत्येक तारखेच्या आदल्या दिवशी मावशींना फोन करायची. पोटगीचा अंतरिम हुकूम झाला त्या दिवशी मावशी माझ्या स्वयंपाकघरात बसून रडल्या. मला तरी त्या मुलीने समाजाचं नुकसान केलं असं म्हणवत नाही.

नितीन, सचिव (ए-302), 9.34
सुलभाताई, तुम्ही वाचताय ना? तुमचं मत हवंय.

सुलभाताई (बी-204), 9.58
वाचतेय. टाईप करायला वेळ लागतो मला.
देसाईभाऊ, मी 31 वर्षं कोर्टात नोकरी केली. तुमच्या वडिलांसारखी माणसं रोज बाकावर पाहिली. हातात कापडी पिशवी, पिशवीत कागद आणि भाकरी. मुदतीचे अर्ज रोजनाम्यात मीच चढवायचे, म्हणून मला त्याचा राग तुमच्याइतकाच आहे. सुनावणी सुरू झाल्यावर एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत असं दिवाणी प्रक्रिया संहितेत लिहिलंय. मी तिसावी लिहिलेली आहे. दोष वकिलाचा, देणाऱ्या कोर्टाचा आणि रिकाम्या ठेवलेल्या न्यायाधीशांच्या जागांचाही. चहाचं मात्र मनावर घेऊ नका. भांडण पक्षकारांचं असतं, वकिलांनी का तोंड फिरवावं? माझा आक्षेप वेगळा आहे. सहा तास बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला ‘आज काय झालं’ हे दोन वाक्यांत सांगत नाहीत, ते मला सहन व्हायचं नाही.
पण वकिलाशिवाय आलेला माणूसही मी पाहिलाय. एका बाईंनी समन्स घेतलं आणि घरी देवघरात ठेवलं. कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायला 30 दिवस असतात, फार तर 90. त्या आल्या सातव्या महिन्यात. दावा एकतर्फी ठरला होता. समोरच्याचे वकील काही वाईट वागले नव्हते, त्यांनी त्यांचं काम केलं. बाईंचं काम करायला कुणी नव्हतं, इतकंच.
आता आपलं. जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायला वकील सक्तीचा नाही. 2008 च्या कायदादुरुस्तीने ही सोय झाली ती बिल्डर सही देत नाही म्हणूनच. सहा महिन्यांत आदेश व्हावा असंही कायद्यात आहे. पण मूळ मालकाचे वारस वकील घेऊन येणार. आपण सात जण कमिटीवाले नुसते उभे राहणार का तिथे? आदेशानंतर दस्ताचा मसुदा, मुद्रांक, नोंदणी, मग सातबाऱ्यावर नाव. वकील घ्यावा असं माझं मत. पण डोळे झाकून नाही.

महाजन (ए-104), 10.03
डोळे उघडे ठेवायचे म्हणजे काय करायचं ताई?

सुलभाताई (बी-204), 10.15
फी टप्प्याटप्प्याने आणि लेखी. अर्ज दाखल झाल्यावर इतकी, आदेशावर इतकी, नोंदणीनंतर उरलेली. प्रत्येक वेळी पावती. वकीलपत्रावर सही करण्याआधी ते वाचायचं, कोरं असेल तर सही नाही. मूळ कागद सोसायटीच्या कपाटात, वकिलांकडे झेरॉक्स. आणि पुनर्विकासाच्या फायद्यात टक्का मागणारा आला तर त्याला नमस्कार करा. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेच्या, नियमांत मनाई आहे.

ऋतुजा (सी-401), 10.18
एक जोडते. कोर्टातल्या दाव्याला 16 अक्षरांचा सीएनआर नंबर असतो. ई-कोर्ट्सच्या अॅपवर तो टाकला की पुढची तारीख, आजचा हुकूम, सगळं दिसतं. घरातला कुणाचा दावा चालू असेल तर मला सांगा, मी लावून देते. आणि 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की वकिलाविरुद्ध ग्राहक मंचात जाता येत नाही. तक्रार बार कौन्सिलकडेच. म्हणून सुरुवातीलाच लेखी हवं.

देसाईकाका (बी-101), 10.24
ग्राहक मंचही नाही? मग सामान्य माणसाने जायचं कुठे? हे मला पटत नाही.

सुलभाताई (बी-204), 10.27
मलाही पटलेलं नाही. पण आज कायदा तो आहे. तुमचा दावा संपला का शेवटी?

देसाईकाका (बी-101), 10.33
2017 ला. लोकअदालतीत. चुलतभावाने नवा वकील लावला होता, त्याने मला फोन करून सरळ विचारलं, काका, अकरा गुंठ्यांतलं तुम्हाला नक्की काय हवंय? मी म्हटलं, विहिरीकडची बाजू, वडिलांनी कलमं लावलीत तिथे. तेवढंच होतं. चाळीस मिनिटांत मिटलं. कोर्ट फी परत मिळाली. समोरच्याचा वकील होता तो, आमचा नव्हे. वीस वर्षांत मला हे विचारणारा पहिला माणूस. आमच्या वकिलांनी फाईल अजून दिलेली नाही, जुनी फी बाकी आहे म्हणतात.

सुलभाताई (बी-204), 10.37
फीसाठी पक्षकाराची फाईल अडवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच सांगितलंय. लेखी मागणी करा, रजिस्टर पोस्टाने. मी मसुदा करून देते.

गायकवाड सर (बी-303), 10.40
देसाईसाहेब, रविवारी वकील येतील तेव्हा पहिला प्रश्न तुम्ही विचारा. तुमच्याइतकं आमच्यापैकी कुणाला कळत नाही यातलं.

देसाईकाका (बी-101), 10.49
येतो. टप्प्याची फी ठरावात शब्दशः आली तर मत देईन, नाहीतर विरोध कायम.

नितीन, सचिव (ए-302), 10.52
ठरावाचा मसुदा उद्या रात्री इथे टाकतो. प्रत्येकाने आपल्या करारनाम्याची आणि इंडेक्स टूची (नोंदणीच्या उताऱ्याची) झेरॉक्स शनिवारी सहापर्यंत ऑफिसात द्यावी. नऊ फ्लॅटचे कागद अजून आलेले नाहीत.

सुलभाताई (बी-204), 10.54
देसाईभाऊ, सकाळी दूध घेतल्यावर वर या. पत्र लिहून टाकू.