उंदराने ओरखडलंय, टीटी (धनुर्वाताचं इंजेक्शन) घेतलं की पुरे का? मदत हवी आहे

काल रात्री माळ्यावरचं जुनं खोकं खाली काढत होतो आणि आतून उंदीर उसळला तो थेट हातावरून पळाला, मनगटाजवळ दोन बारीक ओरखडे उठलेत, एकातून टिपूसभर रक्त आलं. चावला नाहीये, नखंच लागलीत एवढं नक्की. लगेच नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतलं, मग बिटाडिन लावलं. आज कडेने जरा लाल दिसतंय पण सूज, पू काही नाही.

रेबीज उंदरांमुळे सहसा होत नाही हे माहितीये, त्यामुळे ती भीती कमी आहे. पण रॅट बाइट फीव्हर (उंदरांच्या जंतूंमुळे येणारा ताप) म्हणे नुसत्या ओरखड्यानेही होतो, आणि ३ ते १० दिवसांनी ताप, सांधेदुखी, पुरळ असं सुरू होतं, तोवर जखम भरलेलीही असते! शिवाय खोक्यात लेंड्या आणि मुताचा वास होताच, म्हणजे लेप्टोचंही (लेप्टोस्पायरोसिस, उंदराच्या मुतातून पसरणारा आजार) डोक्यात आलं.

शेवटचं टीटी घेऊन ६-७ वर्षं झाली असतील, त्यामुळे आज डॉक्टरांकडे जाऊन ते घेणारच आहे. पण कोणाला असं झालं असेल तर डॉक्टरांनी अँटिबायोटिक आधीच दिलं की ताप येईपर्यंत थांबायला सांगितलं? बायको म्हणते उगाच घाबरतोयस, पण ओरखडा तिच्या हाताला नाहीये ना :)